चाकाला बांधलेलं लाकूड

मूर्तिजापूरच्या आमच्या दुकानात कुणी ट्रॅक्टरचा साधा फिल्टर घ्यायला आला, तरी फिल्टर हातात पडायच्या आधी त्याला एका म्हाताऱ्याची गाठ घ्यावी लागे. दाराशी लोखंडी स्टूल होतं, त्यावर तो बसलेला. उंच, वाळका, पांढऱ्या शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. येणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, आधी चपलांकडे बघायचा. चपलांना काळा चिखल दिसला की मग सुटका नाही.

"वावर ओलं हाये काय तुमचं?"

"हो ना काकाजी. लय पानी झालं यंदा."

"मंग फसत असन ट्रॅक्टर."

"फसते कधीमधी."

"आता समजा फसला. त मंग चाकाले लाकूड त नाई बांधत ना?"

बहुतेक लोक हसत. एखादा छातीठोकपणे म्हणे, "बांधतो न! त्याच्याबिगर निघते काय?" आणि त्या बिचाऱ्याची पुढची अर्धी दुपार गेलीच म्हणून समजा. मी आतून फिल्टर काउंटरवर आणून ठेवायचे, बिल करायचे, पंख्याखाली बसून वाट बघायचे; तिकडे म्हातारा गिऱ्हाइकाचं मनगट धरून बसलेला.

हे गावंडे काकाजी. नामदेवराव गावंडे. बाजारात सगळे त्यांना 'लंडन मिस्त्री' म्हणत, कारण तरुणपणी ते विलायतेला ट्रॅक्टरच्या कारखान्यात जाऊन शिकून आले होते. लंडन म्हटलं की मात्र चिडायचे. "लंडन म्या पाह्यलंच नाई. इमानतळावरून सीधं फॅक्टरीत. पाहाचं काय हाये लंडनमधी? तथी काय ट्रॅक्टर बनते?"

ते कधीचे निवृत्त झाले होते. कामाला म्हणून नाही, पण रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला हजर. नव्या ट्रॅक्टरमधलं त्यांना फारसं कळत नसे, हेही सांगून टाकते. सेन्सर म्हटलं की ते कपाळाला आठ्या घालत, आणि एकदा तर त्यांनी एका चांगल्या चालत्या गाडीची वायर ओढून ती दोन दिवस दुकानात पाडून ठेवली. शेठनी डोक्याला हात लावला. पण हाकलणार कसं? शेठच्या वडिलांच्या काळापासूनचा माणूस.

आता त्या लाकडाचं सांगते, कारण ते नाही कळलं तर काकाजी कळायचे नाहीत. आमच्याकडची माती पावसात साबणासारखी होते. ट्रॅक्टर फसला की मागची मोठी चाकं जागच्या जागी गरगरतात आणि आणखी खोल जातात. मग कुणीतरी बाभळीचं जाडजूड लाकूड आणतं, साखळीनं दोन्ही चाकांना आडवं बांधतं आणि गाडी गिअरमध्ये टाकतं. लाकूड चाकाबरोबर खाली येतं, चिखलाला टेकतं, आणि त्यावर पाय दिल्यासारखा ट्रॅक्टर वर चढतो. बहुतेक वेळा निघतोही. निघतो म्हणूनच तर लोक बांधतात. पण एखाद्या वेळी ते लाकूड खाली रुततं ते रुततंच. चाक अडतं. इंजिनाचा जोर तर चालूच असतो, तो जाणार कुठे? मग पुढचं तोंड उचललं जातं, अख्खा ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि चालवणारा त्याच्याखाली असतो.

काकाजी हे हातांनी करून दाखवत. डावी मूठ म्हणजे चाक. ती गिऱ्हाइकाला गच्च धरायला लावायची. उजवा हात म्हणजे ट्रॅक्टर. "चाक फिरलं त ट्रॅक्टर चालते. चाक नाई फिरलं, त ट्रॅक्टर फिरते," असं म्हणत उजवा हात उचलायचा आणि फाडकन स्वतःच्या कपाळावर मारायचा. "इथं लागते." रोज इतक्या वेळा मारून घ्यायचे की कधीकधी कपाळ लाल झालेलं दिसे. लोकांना वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. खरं सांगते, सुरुवातीला मलाही तेच वाटलं होतं.

कारण ते फक्त लाकडापुरतं नव्हतं. काकाजींचं अख्खं जगच 'आता समजा'वर चालायचं. चहा आला की, "आता समजा हा गिलास तडकला." पंखा लावला की, "आता समजा हूक निसटला." उभ्या ट्रॅक्टरच्या मागून ते कधी जात नसत, गाडीला किल्ली नसली तरी लांबून वळसा घालत. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकाजी, आता समजा तुम्ही घडीभर गप्प बसले, त काय होईन?"

ते खूप गंभीर झाले. म्हणाले, "त कोनाले तरी लागन, बाई."

आणि ही काळजी संसर्गासारखी असते हो. मी घरी जाऊन गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायला लागले. मुलगी स्कूटीवर कॉलेजला निघाली की ती पोचल्याचा फोन येईस्तोवर मोबाईल हातात. आमचे हे म्हणाले, "त्या लंडनवाल्याची सावली पडली तुयावर."

विलायतेचं बोलायला लागले, की मात्र काकाजींचा चेहरा पार बदलून जाई. फुशारकी मारायला हाच एक विषय. कंपनीनं त्या वेळी इथले मोजके मेकॅनिक तिकडे पाठवले होते, त्यात आपला नंबर कसा लागला, हे ते दर वेळी वेगवेगळं सांगत. तिथं खायचे वांधे. माळकरी माणूस, उकडलेले बटाटे आणि पाव यांवर दिवस काढले. आईनं बांधून दिलेल्या तिखटाची पुडी होती, ती बटाट्यावर टाकली तर शेजारच्या गोऱ्यानं मागून घेतली आणि दुपारभर नळाखाली तोंड धरून बसला. हे सांगताना काकाजी खो खो हसत. एवढं एकच हसू त्यांच्याजवळ होतं.

पण कारखान्याची गोष्ट ते पोथी वाचल्यासारखी सांगत. "लढाईत तथी इमानाचे इंजन बनत. दिवसरात्र. बायाई कामाले. मंग लढाई सरली. आता एवढे मानसं, एवढं छप्पर, काय कराव? त मालकानं म्हटलं, ट्रॅक्टर करा. आंधी मानसं माराचं काम होतं, आता पोट भराचं. एकाकडून लोखंड अंदर जाये, दुसऱ्याकडून ट्रॅक्टर बाहीर. लाकडी पेटीत बंद करून बोटीनं मुंबईले. तथून आपल्या इथं."

त्या पेटीच्या फळ्या अजून आमच्या दुकानात आहेत. माझ्या पाठीमागचं बेअरिंग ठेवायचं रॅक त्याच लाकडाचं; त्यावर पुसट इंग्रजी अक्षरं दिसतात. काकाजी जाता-येता त्याच्यावरून हात फिरवत. मी म्हणायचे, "काकाजी, तुमचं माहेरच जसं काही."

तिथं त्यांना शिकवणारा एक बुटका गोरा होता. तो टेबलावर छोटासा किल्लीचा ट्रॅक्टर ठेवायचा, चाकं चिमटीत धरायला लावायचा आणि आतली किल्ली सोडायचा. ट्रॅक्टर टुण्णकन मागे उलटायचा. सगळी पोरं हसायची. गोरा हसायचा नाही. ज्याला हसू येईल त्याला तो पुन्हा करायला लावायचा, हसू थांबेपर्यंत. मुठीचा खेळ काकाजींनी त्याच्यावरूनच बसवला होता.

एक दिवस आमच्या सेल्समननं मोबाईलवर कुठून तरी तो कारखाना शोधून काढला. मोठ्या हौसेनं काकाजींना बोलावलं. व्हिडिओ होता पाडापाडीचा. यंत्राचे लांब दात येत होते आणि भिंतीचे लचके तोडत होते. ट्रॅक्टर बनणं तर आधीच बंद पडलं होतं. आता त्या जागेवर घरं झाली म्हणे, पुढे छोट्या बागा असलेली. सेल्समन पार ओशाळला. त्याला वाटलं होतं, म्हातारा खूश होईल.

काकाजींनी विचारलं, "गेट दाखव." गेट त्यात नव्हतं. त्यांनी परत लावायला सांगितलं, परत पाहिलं. मग स्टुलावर जाऊन बसले. त्या दुपारी आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी लाकडाचं विचारलं नाही, आणि मलाच चैन पडेना. शेवटी मी चहा घेऊन गेले.

म्हणाले, "बाई, फॅक्टरीच गेली. त मंग हे लोकायले सांगाचं काम आता कोनाकडे?"

मी म्हटलं, "कंपन्या आहेत न काकाजी. पुस्तक देतात गाडीसोबत."

"पुस्तक कोन वाचते? शामनं वाचलं काय?"

शाम कोण, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. काकाजींचा धाकटा भाऊ. काकाजी विलायतेहून आले त्याच वर्षीची गोष्ट. कंपनीनं त्यांना गावोगाव पाठवलं होतं. अचलपूर, दर्यापूर, तिवसा, जिथं ट्रॅक्टर विकला गेला तिथं जाऊन शिकवायचं. शेकडो लोकांना त्यांनी मुठीचा खेळ दाखवला असेल. घरी धाकट्यानं ट्रॅक्टर घेतला होता, तो वावरात फसला. दुकानात फोन आला, पण काकाजी तिवशाकडे गेलेले. शाम म्हणाला होता, दादा आला असता तर बरं झालं असतं, पण थांबायला वेळ कुणाला आहे. त्यानं बाभळीचं लाकूड बांधलं.

"जगाले सांगत फिरलो बाई," काकाजी म्हणाले. "शामले नाई सांगतलं. घरचाच मानूस, त्याले काय सांगा लागते, असं वाटलं. राहून गेलं." चहा निवत होता, त्यांनी हात लावला नाही. "त्याचा रमेश तवा पाळन्यात होता."

मी निवलेला गिलास उचलून आत नेला. त्या दिवसापासून कुणी 'लंडन मिस्त्री' म्हणून खिदळलं की माझं डोकं फिरायला लागलं.

तो पाळण्यातला रमेश आता पन्नाशीला टेकला होता. काकाजींनीच त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. दर्यापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत त्याचं गाव. त्यानं ट्रॅक्टर घ्यायचं काढलं, तेव्हा जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला हा माणूस त्याला म्हणाला, "बैलजोडी घे." रमेश हसला आणि आमच्याच दुकानातून ट्रॅक्टर घेऊन गेला.

नवीन गाडीची दुकानासमोर पूजा होते, तशी त्याचीही झाली. चाकाखाली लिंबू, बॉनेटला हार, नारळ. रमेशच्या बायकोनं, संगीतानं, गाडीला ओवाळलं. अशा वेळी काकाजींची एक रीत होती. मालकाशी ते एक अक्षर बोलत नसत. फोटो-बिटो झाले, की मालकाच्या बायकोला बाजूला घेत आणि मुठीचा खेळ तिला दाखवत. शेठ चिडत, "काकाजी, शुभ दिवशी कावून भेव दाखवता लोकायले? गिऱ्हाईक पळवता काय?" काकाजी म्हणत, "मानूस इसरते. बाई नाई इसरत." त्या दिवशीही त्यांनी संगीताला खांबामागे नेलं, आणि तिच्यासमोर कपाळावर हात मारून घेताना मी पाहिलं.

पुढे पाऊस आला की काकाजी रमेशला फोन लावत. रोज. "फसला त नाई ना?" सुरुवातीला रमेश नीट बोले. मग तुटक बोले. मग त्यानं उचलणंच सोडलं. "लहान पोट्टं हावो काय मी, मोठे बाबा?" असं म्हणाला होता म्हणे. काकाजी रिंग पूर्ण वाजू देत, बंद झाली की पुन्हा लावत.

गेल्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि परतीच्या पावसानं धरलं. सकाळची वेळ. काकाजींचा फोन वाजला. स्क्रीनवर रमेशचं नाव बघून त्यांचा चेहरा उजळला. पण बोलत होती संगीता.

"मोठे बाबा, ट्रॅक्टर फसला. सोयाबीनची ट्रॉली हाये मांगं. त्यायनं आत्ता लाकूड नेलं."

"त्याले फोन दे."

"फोन घरीच राह्यला न त्यायचा. म्हनून त म्या लावला. म्या लय सांगतलं मोठे बाबा, रस्त्यात आडवी झाली. ऐकलं नाई. पाऊस उघडला का काढतो म्हने."

काकाजी उठून उभे राहिले. "तू जाय वावरात. पाय धर त्याचे. मी येऊन राह्यलो."

शेठ अमरावतीला गेलेले, गाडी त्यांच्याबरोबर. म्हाताऱ्याला एकट्याला कसं सोडणार? मी दुकान सेल्समनवर टाकलं आणि त्यांच्याबरोबर दर्यापूरच्या जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय निघेना. ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत उभा. एरवी मी अशा लोकांना ऐकवते, त्या दिवशी तर हातच जोडले. म्हटलं, "भाऊ, मानसाच्या जिवाची गोष्ट हाये, काढ आता." काय बघितलं कोण जाणे, त्यानं काढली.

वाटेभर पाऊस बारीक-बारीक पडत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, पडू दे, थांबवू नको. पाऊस पडतोय तोवर रमेश थांबेल. काकाजी समोरच्या काचेकडे बघत होते. ते एकदाही 'आता समजा' म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणावं, असं मला इतकं वाटत होतं! फाट्यावर उतरलो आणि पाऊस थांबला.

वावराकडच्या पांदणीनं, कच्च्या वाटेनं निघालो. चिखल असा, की पायाबरोबर चप्पल येईना. मी चपला तिथंच टाकल्या. काकाजी माझ्यापुढे होते. त्या वयाचा माणूस कसा चालत होता, मला अजून नवल वाटतं. वळणावरच्या बाभळी ओलांडल्या आणि ट्रॅक्टर दिसला. मागे ट्रॉली, चाकाला आडवं लाकूड, साखळी आवळलेली. पाच-सात माणसं बाजूला. संगीता धुऱ्यावर, वावराच्या बांधावर रडत उभी, तिला एका बाईनं धरून ठेवलेलं. रमेश सीटवर. तेवढ्यात त्यानं गाडी सुरू केली.

आम्ही दोघंही ओरडायला लागलो. पण इंजिनापुढे आमचा आवाज काय पुरतो! काळा धूर निघाला. लाकूड फिरत खाली गेलं आणि रुतलं. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पुढची दोन्ही लहान चाकं जमिनीवरून सुटली. हातभर. त्यांचा चिखल खाली टपटप गळत होता.

काकाजी धावत होते ते धुऱ्यावरून सपशेल तोंडावर पडले. मी किंचाळले. रमेशची नजर इकडे गेली. चिखलात पडलेला म्हातारा दिसला, आणि त्यानं दचकून क्लच दाबला. ट्रॅक्टरचं तोंड धप्पकन खाली आलं. गिअर काढून तो उडी मारून आमच्याकडे धावत सुटला.

काकाजींचा पाय घसरला, की त्यांनी अंग टाकलं? मी मागेच होते, पण मला सांगता येत नाही. मला कितीदा तरी लोकांनी विचारलं आहे.

रमेश येऊन गुडघ्यावर बसला, त्यांना सुलटं केलं. "मोठे बाबा! कावून आले तुमी इथं? काई झालं असतं त?" रागानं आणि घाबरून त्याचा आवाज फाटला होता. काकाजींच्या तोंडावर, डोळ्यांत चिखल. त्यांनी चाचपडत त्याची कॉलर पकडली, दोन्ही हातांनी, आणि म्हणाले, "शाम. लाकूड सोड बाबू. सोड पयले."

मागे इंजिन अजून चालूच होतं. रमेशनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बापाचा त्याला चेहरासुद्धा आठवत नाही. मला वाटलं, आता हा म्हणेल, मोठे बाबा, मी रमेश.

तो म्हणाला, "सोडतो, दादा."

आणि उठून गेला, गाडी बंद केली, चिखलात बसून साखळी सोडायला लागला. साखळी लवकर सुटेना, तेव्हा काकाजी माझा खांदा धरून उठले आणि जवळ जाऊन उभे राहिले. लाकूड सुटून बाजूला पडल्यावरच त्यांनी शर्टानं तोंड पुसलं. नंतर त्यांना कळत होतं, हा रमेश आहे. त्याच नावानं ते हाका मारत होते. ट्रॉली सोड. चाकामागचा गाळ काढ. कपाशीच्या पऱ्हाट्या आणून टाक. आणि मंग मांगं घे, पुढं नाई.

ते परत मूर्तिजापूरला आलेच नाहीत. रमेशनं ठेवून घेतलं. दिवाळीनंतर झोपेतच गेले, असं संगीतानं फोनवर सांगितलं. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते त्या वावरातच शेवटचं. आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि फाट्यावर जीप मिळायची होती. मी म्हटलं, "काकाजी, चला, घरी तरी चला. ओले कपडे बदला."

"तुमी निंघा बाई. ट्रॅक्टर निंघू द्या आंधी."

धुऱ्यावर चढून मी मागे वळून पाहिलं. माणसं फावड्यांनी गाळ उपसत होती, संगीता पऱ्हाट्यांचा भारा घेऊन येत होती. काकाजी त्या बाभळीच्या लाकडावर बसले होते, कुणी पुन्हा उचलू नये म्हणून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. एक गडी त्यांना हातानं बाजूला व्हा म्हणून सांगत होता. रमेशनं फावडं थांबवलं आणि त्याला म्हटलं, "बसू दे त्यायले."